नेट शंभरचं, तरी आवाज तुटतो

व्हॉट्सॲपवर नुसतं बोलायला नेट किती लागतं, हा हिशोब आधी करून टाकू. फोन आपल्या आवाजाचे २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. लँडलाइनच्या एक्स्चेंजमधून चालत आलेल्या जी-७११ या पद्धतीत एका तुकड्यात १६० बाइट आवाज असतो, आणि त्याला कुठून कुठे जायचंय वगैरे लिहिलेले आणखी ४० बाइट. झाले २०० बाइट, सेकंदाला ५० वेळा. एका बाइटात आठ बिट, म्हणजे एका बाजूचे सेकंदाला ८० हजार बिट, ८० केबीपीएस. हल्लीची बरीच ॲप्स २०१२ साली प्रमाणित झालेली ओपस ही पद्धत किंवा तिच्या जवळपासचं काहीतरी वापरतात. त्यात याच्या निम्म्यातही भागतं. एक एमबीपीएस म्हणजे हजार केबीपीएस, तेव्हा घरी १०० एमबीपीएसचं कनेक्शन असेल तर कागदावर त्यातून एका वेळी हजारावर माणसं बोलू शकतात.

आणि तरी रविवारी रात्री साडेआठला, न्यूजर्सीत सकाळचे अकरा वाजलेले असताना, चिंचवडच्या टू-बीएचकेमधून एकाच आईला एका लेकीशी धड बोलता येत नाही. "आवाज कटतोय गं तुझा." "आता?" "आता येतोय... गेला परत."

यावर घरातला ठरलेला उपाय म्हणजे प्लॅन वाढवणं. शंभरचा दोनशे होतो, बिल वाढतं आणि आवाज तसाच तुटत राहतो. बोलण्याला भरपूर नेट लागतच नाही, वेळेवर लागतं. तुकडा पोचायला उशीर नेमका कुठे होतोय हे शोधायचं, एवढंच खरं काम. तो उशीर बहुतेकदा राउटर आणि सोफा यांच्यामधल्या पंधरा-वीस फुटांत सापडतो.

सिनेमाला उसंत असते, बोलण्याला नसते

ओटीटीवर सिनेमा बघताना पुढचा काही सेकंदांचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. मध्येच दोन सेकंद नेट गेलं तरी आपल्याला पत्ता लागत नाही. एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो परत मागवला जातो. टीसीपी नावाची व्यवस्था ते काम बघते. बोलण्यात ही चैन नाही. पुढचं वाक्य समोरच्यानं अजून उच्चारलेलंच नसतं, मग साठवणार काय? आणि हरवलेला तुकडा मागवून येईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. म्हणून कॉल शक्यतो यूडीपीवरून जातात: पाठवायचं आणि विसरून जायचं, पोचलं तर पोचलं. अधूनमधून एखादा तुकडा गळाला तर ॲप मागच्या आवाजावरून अंदाज बांधून भोक बुजवतं आणि कानाला कळतही नाही. लागोपाठ पाच-सहा गळाले की अंदाज उघडा पडतो. आपण ज्याला "रोबोटसारखा आवाज" म्हणतो, तो हाच.

दुसरी भानगड जिटरची. तुकडे निघतात सारख्या अंतरानं, पण पोचताना एक २० मिलिसेकंदांनी येतो, पुढचा ९० नी, मग तीन एकदम. हे झाकायला ॲप आलेले तुकडे क्षणभर धरून ठेवतं आणि एकसारख्या चालीनं वाजवतं. जिटर जितका जास्त, तितकं जास्त वेळ धरावं लागतं. आवाज अखंड ठेवायची किंमत अशी उशिरात मोजावी लागते.

आता उशीर किती चालतो ते बघा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी-११४ या शिफारशीनुसार तोंडातून निघालेला शब्द १५० मिलिसेकंदांच्या आत दुसऱ्याच्या कानात पडला तर बोलणं सहज चालतं. ४०० च्या पुढे जाऊ देऊ नये. त्याच्या आसपास पोचलं की दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, "नाही नाही, तू बोल" सुरू होतं. न्यूजर्सीच्या कॉलमध्ये हे १५० कसे संपतात? प्रकाश फायबरमधून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे ६२ मिलिसेकंद. पण केबल सरळ रेषेत जात नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र, तांबडा समुद्र, युरोप, मग अटलांटिक असा तिचा प्रवास, त्यामुळे एका बाजूनं जायलाच १०० च्या आसपास लागतात. तुकडा भरायला २०. पलीकडे धरून ठेवायला, चांगलं नेट असताना, ४० धरा. झाले १६०. घरच्या वायफायनं खर्च करायला काही शिल्लकच राहिलेलं नाही.

नागपूरच्या मामांशी बोलताना त्याच घरात, त्याच वेळी काही अडत नाही, कारण तिथे प्रवासाचा खर्च फार तर पंधरा-वीस मिलिसेकंद. घरातला गोंधळ त्या सवलतीत जिरून जातो. त्यावरून लोक "अमेरिकेचं नेटच खराब" असं ठरवून मोकळे होतात. खराब असतं आपलंच, फक्त अमेरिकेच्या कॉलमध्ये ते उघडं पडतं.

रांग कुठे लागते

बँकेच्या खिडकीवर पेट्रोल पंपाचा माणूस दिवसभराची रोकड घेऊन उभा आहे, आणि त्याच्या मागे पासबुक भरून घ्यायला आलेले आजोबा. आजोबांचं काम अर्ध्या मिनिटाचं, पण त्यांना अर्धा तास उभं राहावं लागतं. कॉलचे २०० बाइटचे तुकडे म्हणजे हे आजोबा. पेट्रोल पंपाचा माणूस म्हणजे घरातल्या दुसऱ्या फोनवरून लग्नाचे व्हिडिओ ढगात, म्हणजे क्लाउडवर, चढवणारं बॅकअप ॲप.

आकड्यांत सांगायचं तर असं: समजा अपलोड १० एमबीपीएस आहे, म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइट बाहेर जातं. राउटरनं एक मेगाबाइटभर तुकडे रांगेत धरून ठेवले, तर त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या आवाजाच्या तुकड्याला ८०० मिलिसेकंद थांबावं लागेल. १५० च्या बजेटमध्ये ८००! अपलोड पाचच असेल तर दीड सेकंदाच्याही वर. स्पीड टेस्टवर मात्र सगळं ठाकठीक दिसतं, कारण रांग कितीही लांब असली तरी खिडकीवरचं काम पूर्ण वेगानं चालूच असतं.

राउटर एवढी रांग लावतोच का? मेमरी स्वस्त झाली, म्हणून कंपन्यांनी ती राउटरमध्ये भरपूर घातली. हेतू असा की एकही तुकडा गळू नये. पण टीसीपीला वेग कमी करायचा इशारा मुख्यतः गळतीतूनच मिळतो. काही गळतच नाही म्हटल्यावर ते आणखी आणखी पाठवत सुटतं आणि रांग भरत जाते. जिम गेटिस या अमेरिकन इंजिनिअरनं २०१० मध्ये स्वतःच्या घरच्या नेटवर हा घोळ पकडला आणि त्याला बफरब्लोट हे नाव रूढ केलं. त्यावरचा उताराही निघाला आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली कोडेल ही युक्ती मांडली: रांग किती लांब आहे ते बघू नका, तुकडा रांगेत किती वेळ उभा आहे ते बघा, आणि जास्त वेळ झाला की एखादा टाकून पाठवणाऱ्याला जागं करा. तिच्यात "प्रत्येकाला वेगळी रांग" ही भर घालून झालेली एफक्यू-कोडेल पद्धत २०१८ मध्ये इंटरनेटच्या आरएफसी या तांत्रिक दस्तऐवजांत, प्रायोगिक म्हणून, आली. तिच्यात आजोबांना वेगळी खिडकी मिळते.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. आपल्याकडे फायबरच्या पुष्कळ प्लॅनमध्ये अपलोडही डाउनलोडइतकंच असतं. तिथे बाहेरच्या दारावर रांग कमी लागते. मग ती आत सरकते, वायफायवर. वायरलेस ब्रॉडबँड असेल, म्हणजे गच्चीवर किंवा खिडकीबाहेर ४जी-५जीचा डबा लावून घरात नेट घेतलेलं असेल, तर मात्र अपलोड तोकडंच असतं आणि ही रांग हमखास भेटते.

आधी मोजा, मग हात लावा

राउटर बंद-चालू करून बघणं हा आपला राष्ट्रीय उपाय. त्यानं कधीकधी बरं वाटतंही, पण कारण कळत नाही आणि चार दिवसांनी तेच सुरू. पाच मिनिटं मोजायला द्या.

सगळ्यात सोपं: ब्राउझरमध्ये फास्ट डॉट कॉम उघडा. आकडा आल्यावर खाली अधिक माहितीचं बटण असतं, ते दाबा. तिथे लेटन्सीचे, म्हणजे उशिराचे, दोन आकडे मिलिसेकंदांत दिसतील, एक मोकळ्या वेळचा, एक भार असतानाचा. मोकळा १५ आणि भाराखाली ४० असेल तर उत्तम. १५ चे ४०० होत असतील तर प्लॅन वाढवायचा विचार सोडा, तुमच्याकडे रांग आहे.

ती रांग कुठे आहे हे कळायला लॅपटॉप घ्या. चार्जर लावून ठेवा, कारण बॅटरीवर असताना वायफाय डुलक्या काढतं आणि आकडे फसवतात. वायफायच्या तपशिलात गेटवे म्हणून जो पत्ता दिसतो तो राउटरचा, साधारण १९२.१६८ पासून सुरू होतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा (इंग्रजीत ping लिहून पुढे तो पत्ता; उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दिसतं), दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला. पिंग आपणहून चारच वेळा विचारून थांबतं, म्हणून शेवटी एक जागा सोडून आडवी रेघ आणि इंग्रजी टी लावा, मग ते चालू राहतं. आता दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून घरच्यांना नेहमीसारखं वागू द्या. कुणी रील बघेल, कुणी व्हिडिओ पाठवेल.

राउटरची खिडकी २, ३, २, ४ असे आकडे दाखवत असेल तर आतलं वायफाय बरं आहे. तीच मध्येच ३, २, १८०, ३१०, ४ अशी उड्या मारायला लागली, किंवा "वेळ संपली" असं दाखवायला लागली, तर दोष घरात आहे. केबलवाल्याला फोन करून उपयोग नाही. राउटर शांत, पण कुणी काही चढवायला लागलं की बाहेरची खिडकी शेकड्यांत जाते, असं असेल तर रांग बाहेरच्या दारावर. आणि घरातलं सगळं बंद असताना, राउटर शांत असताना, रोज रात्री नऊ ते अकरा बाहेरचे आकडे नाचत असतील तर तो कंपनीचा प्रश्न. काही राउटर पिंगला उत्तर द्यायला स्वतःच आळशी असतात, म्हणून एखाद-दुसऱ्या उडीवरून निष्कर्ष काढू नका. बोलणं तुटतं त्याच क्षणी कोणती खिडकी उडते ते बघा.

कोणाला काय ऐकू येतं यावरूनही दिशा कळते. "तुझा आवाज तुटतोय" असं समोरचा म्हणतो, तेव्हा तुमच्याकडून बाहेर जाणारा मार्ग किंवा त्याच्याकडे आत येणारा मार्ग अडलेला असतो. तुमचा आवाज त्याला स्वच्छ जातोय आणि त्याचाच तुम्हाला तुटक येतोय, तर उलट. घरगुती कनेक्शनवर आधी अडतं ते बाहेर जाणं, म्हणून जो "मला तर सगळं नीट ऐकू येतंय" म्हणतो, त्याच्याच घरी शोध सुरू करावा.

वायफायची गंमत

वायफायवर एका चॅनेलला एका वेळी एकानंच बोलायचं असतं. राउटर बोलत असताना फोन गप्प, एक फोन बोलत असताना बाकीचे गप्प. यात शेजाऱ्यांचे राउटरही आले, कारण हवा सगळ्यांची एकच. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार फ्लॅट, वर-खाली धरून बारा राउटर तुमच्या हॉलमध्ये ऐकू येत असतील, तर तीन चॅनेल त्यांना कशी पुरणार? त्यात भर म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालतो आणि ब्लूटूथही इथेच. दूध तापवताना आवाज तुटतो ही तक्रार भ्रम नसते.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. दूरच्या खोलीतला, भिंतींआडचा फोन हळू वेगानं बोलतो, आणि हळू बोलतो म्हणून तेवढंच बोलायला जास्त वेळ हवा अडवतो. मागच्या बेडरूममध्ये कुणी रेंज नसताना व्हिडिओ बघत असेल, तर राउटरशेजारी बसून बोलणाऱ्याचाही आवाज त्यानं बिघडू शकतो.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण चालतात. पहिला, राउटरची जागा. आपल्याकडे राउटर कुठे लागतो? वायर जिथे संपते तिथे. डक्टमधून केबल आत आली, दाराच्या वर खिळा मारला, खाली शू-रॅक, शेजारी मीटरची पेटी, झालं. किंवा टीव्हीच्या मागे, दिसू नये म्हणून. टीव्हीचा पत्रा, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, आरसीसीचा खांब, जुन्या वाड्याची दगडी भिंत: वायफायला यातलं काहीच मानवत नाही. जोडणी करायला आलेल्या मुलाला दहा मीटर जास्त वायर टाकायला सांगा, वरचे पैसे द्या, आणि राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, उघड्यावर लावून घ्या. प्लॅन वाढवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

दुसरा, फोन ५ गिगाहर्ट्झवर न्या. त्याची धाव कमी, पण चॅनेल पुष्कळ, आणि भिंती ओलांडायला ते कमी पडतं म्हणून शेजाऱ्यांचा त्रासही कमी. वायफाय मोजणाऱ्या कुठल्याही मोफत ॲपमध्ये सिग्नलचा आकडा उणे डीबीएममध्ये दिसतो. बोलायला उणे ६७ किंवा त्याहून बरा, म्हणजे उणे ६०, उणे ५० असा हवा. उणे ७५ ला मेसेज जातील, रील चालेल, बोलणं रडेल. दोन्ही पट्ट्यांना राउटरनं एकच नाव दिलं असेल आणि फोन हट्टानं २.४ धरून बसत असेल, तर नावं वेगळी करून टाका. २.४ ठेवायचंच असेल तर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केल्यानं स्पीड टेस्ट खूश होते आणि शेजारपाजारचे सगळे अंगावर येतात.

तिसरा, एक्स्टेंडर. बाजारातले स्वस्त एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतात आणि त्याच्यावरच पुन्हा बोलतात, म्हणजे प्रत्येक तुकडा हवेत दोनदा जातो. वेग निम्मा, उशीर वाढीव. त्यात लोक तो लावतात जिथे रेंज नाही तिथे. जिथे स्वतःलाच ऐकू येत नाही तिथून तो पुढे काय सांगणार? लावायचाच तर रेंज चांगली असलेल्या टप्प्याच्या शेवटी. खरं तर दुसऱ्या खोलीपर्यंत वायर ओढून तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला, लावणं केव्हाही सरस. घरून काम करणाऱ्याच्या लॅपटॉपला तर थेट वायरच लावावी. वायफायचे सगळे वाद एका केबलनं मिटतात.

चालत चालत बोलायची सवय असेल तर हेही लक्षात घ्या: हॉलच्या राउटरची रेंज जवळजवळ संपेपर्यंत फोन त्यालाच चिकटून राहतो आणि मग बेडरूमच्या दुसऱ्या डब्यावर उडी मारतो. त्या उडीत आवाज जातो. एका जागी बसून बोला, हा सल्ला आज्जीछाप वाटेल, पण बिनखर्चाचा आहे.

रांग बाहेरच्या दारावर असेल तर बॅकअप, सीसीटीव्ही कॅमेरे आणि ऑफिसची ड्राइव्ह हे तीन संशयित. कॅमेरा ढगात रेकॉर्ड करत असेल तर तो चोवीस तास अपलोड खात बसतो. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्हच्या लॅपटॉपवरच्या सेटिंगमध्ये अपलोडला मर्यादा घालता येते, ती घाला. फोनचं फोटो-बॅकअप बोलण्यापुरतं थांबवा. राउटरमध्ये एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) किंवा बँडविड्थ कंट्रोल असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. थोडा वेग सोडायचा कशाला, असं वाटेल. सोडायचा, कारण मग रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे कोणाला पुढे सोडायचं ते तुम्ही ठरवू शकता. कंपनीनं दिलेल्या फुकटच्या डब्यांत ही सोय बहुधा नसते. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर असते. वायफायवर आवाज-व्हिडिओला आधी वाट देणारा डब्ल्यूएमएम नावाचा पर्याय दिसला तर तो मात्र चालूच ठेवा. तो बंद केला की वायफाय जुन्या ५४ एमबीपीएसच्या जमान्यात जाऊन बसतं.

जे नेटचं दुखणं नसतंच

स्वतःचाच आवाज परत ऐकू येतोय? तुमच्याकडे काही बिघडलेलं नाही. समोरच्याच्या स्पीकरमधून निघालेला तुमचा आवाज त्याच्या माइकमध्ये शिरतोय. त्याला इअरफोन लावायला सांगा किंवा स्पीकरचा आवाज कमी करायला सांगा. यात लोक कायम उलट्या घरी दुरुस्ती करत बसतात.

आवाज तुटत नाही, पण घोगरा, बंदिस्त येतो? ब्लूटूथचे इअरबड काढा आणि वायरवाले लावून बघा. गाणी ऐकताना छान वाजणारे बड माइक चालू झाला की जुन्या हँड्सफ्री पद्धतीवर घसरतात आणि आवाजाचा वरचा भाग कापला जातो. शिवाय फोन २.४ च्या वायफायवर असेल तर ब्लूटूथ आणि वायफाय एकाच फोनात एकमेकांच्या पायात पाय घालतात.

व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीमध्ये, ॲडव्हान्स्डखाली, कॉलमध्ये आयपी पत्ता लपवण्याचा पर्याय २०२३ पासून आहे. तो चालू असला की कॉल थेट न जाता कंपनीच्या सर्व्हरवरून वळसा घेतो. अनोळखी लोकांशी बोलणाऱ्याला तो हवाच. पण आई-मुलीच्या कॉलमध्ये उशीर खटकत असेल तर बंद करून बघायला हरकत नाही. व्हीपीएन चालू राहिला असेल तर तोही.

आणि साधा कॉल? नंबर फिरवून लावलेला? तोही तुमच्या वायफायवरून जात असू शकतो. एअरटेलनं डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओनं जानेवारी २०२० मध्ये वायफाय कॉलिंग सुरू केलं, आणि आता ते कितीतरी फोनांत चालू असतं. तळमजल्यावर किंवा कोकणातल्या घरी, जिथे मोबाइलची काडी येत नाही, तिथे ते वरदान. पण बाहेर टॉवरची रेंज भरपूर असताना फोन उगाच खराब वायफाय पकडून बोलत असेल, तर "हल्ली साधे कॉलपण कटतात" असं होतं. फोनच्या वरच्या पट्टीत वायफाय कॉलिंगची खूण दिसते का बघा, आणि ते बंद करून एक कॉल लावा. उलट, वायफाय कॉलिंग जोडलंच जात नसेल तर राउटरच्या फायरवॉलनं यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट अडवलेत का ते तपासा; मोबाइल कंपनीपर्यंतचा बंदिस्त मार्ग त्यातूनच जातो.

बत्तीस सेकंदांचं कोडं

घरून कॉल सेंटरचं काम करणाऱ्यांना, किंवा ऑफिसचा आयपी फोन, म्हणजे इंटरनेटवरून चालणारा टेबलफोन, घरी आणलेल्यांना, एक विचित्र दुखणं भेटतं. कॉल लागतो, बोलणं सुरू होतं, आणि दर वेळी साधारण अर्ध्या मिनिटानं कट. घड्याळ लावलं तर ३२ सेकंद. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. असे फोन एसआयपी या भाषेत बोलतात. कॉल उचलणारा "उचलला" असा निरोप पाठवतो आणि "कळलं" या पोचपावतीची वाट बघतो. पावती आली नाही तर तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो. नियमानुसार अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट वाट बघायची, म्हणजे ३२ सेकंद, आणि मग फोन ठेवून द्यायचा. आवाज वेगळ्या वाटेनं जातो म्हणून तोवर बोलणं नीट चाललेलं असतं.

पावती हरवते कुठे? घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेरच्या जगात एकच पत्ता असतो आणि राउटर आतले-बाहेरचे पत्ते अदलाबदल करत असतो. त्यात काही राउटर एसआयपी एएलजी नावाची "मदत" करतात: निरोपाच्या आतला मजकूर उघडून त्यातले पत्तेही बदलतात, आणि बऱ्याचदा चुकीचे बदलतात. राउटरच्या सेटिंगमध्ये हा पर्याय शोधून बंद करा. एकाच बाजूचा आवाज येतो, दुसरीकडे सामसूम, याचंही हे नेहमीचं कारण. अर्थात आधी माइकची परवानगी तपासा. कंपनीच्या डब्याला पुढे स्वतःचा राउटर जोडला असेल तर पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते. दोघांपैकी एकाला ब्रिज किंवा ॲक्सेस पॉइंट करा, म्हणजे त्याची अदलाबदल थांबते. आणि राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधला दिसत असेल, तर कंपनीही आणखी एक अदलाबदल करतेय. ते तुमच्या हातात नाही. तिथे कॉल मधल्या सर्व्हरवरून जातात आणि थोडा उशीर वाढतो.

भिंतीबाहेरचं

घर निर्दोष ठरलं तर मग कंपनी. इमारतीपर्यंत फायबर आणि तिथून जिन्याच्या डक्टमधल्या स्विचवरून घरोघर तांब्याची वायर, अशी जोडणी लोकल केबलवाल्यांकडे अजून दिसते. तिथे लाईट गेली की तुमचा राउटर इन्व्हर्टरवर दिमाखात चालू राहतो आणि नेट मात्र नसतं, कारण डक्टमधला स्विच बंद पडलेला असतो. थेट घरात फायबर येत असेल तर वाटेतल्या जोडांना वीज लागत नाही.

काही गोष्टी कंपनीच्याही हातात नसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदीतल्या जेद्दाजवळ तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या वाहतुकीला वळसे घ्यावे लागले आणि उशीर वाढला. आणि दुबईच्या भावाला व्हॉट्सॲपवर कॉल लागत नसेल तर राउटर खोलू नका. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपच्या कॉलवर वर्षानुवर्षं निर्बंध आहेत. तिथली मंडळी बोटिमसारखी परवाना असलेली ॲप्स वापरतात.

कंपनीला तक्रार करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका. त्यावर समोरून स्पीड टेस्ट करायला सांगतात, ती शंभर दाखवते आणि तक्रार बंद होते. लॅपटॉप राउटरला वायरनं जोडा, दोन्ही पिंग चालू ठेवा, आवाज तुटतो त्या वेळचा फोटो घ्या आणि सांगा: वायर लावलेली आहे, राउटर एका मिलिसेकंदात उत्तर देतोय, बाहेरचा आकडा रात्री नऊनंतर तीनशेवर जातोय, इतके तुकडे गळतायत. राउटरच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकत असेल तर तेही आधी सांगा. फायबर कुठेतरी दुमडली किंवा कुरतडली गेली असेल, आणि त्यासाठी माणूस यावाच लागतो.